विश्वविजेता विल्सन जोन्स

स्वतंत्र भारताचा पहिला जगज्जेता खेळाडू कोण, असे विचारले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा मल्ल, धावपटू किंवा हॉकीपटू उभा राहतो. ते स्वाभाविकही आहे. हॉकीच्या संघाने ऑलिंपिकमध्ये भारताला सुवर्णपदके मिळवून दिली होती. १९५२ साली हेलसिंकी येथे महाराष्ट्राचे सुपुत्र खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते. परंतु एकट्याने खेळावयाच्या खेळातील जगज्जेतेपद स्वतंत्र भारताला प्रथम लाभले, ते आखाड्यातही नव्हे आणि मैदानावरही नव्हे. हिरव्या बनातीने मढवलेल्या एका मेजावर, तीन लहान चेंडू आणि एक लाकडी काठी यांच्या साहाय्याने ते मिळवले गेले. तो खेळ होता बिलियर्ड्‌स, ते वर्ष होते १९५८ आणि तो खेळाडू होता पुण्यात जन्मलेला विल्सन जोन्स.

विल्सन लायोनेल गार्टन-जोन्स यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुणे येथे एका अँग्लो-इंडियन कुटुंबात झाला. पुण्यातील बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट या शाळांत त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी पुणे हे इंग्रजांच्या लष्कराचे मोठे ठाणे होते. एकीकडे पेठांमधील वाडे, तालमी आणि व्याख्यानमाला, तर दुसरीकडे छावणीतील बंगले, जिमखाने आणि क्लब, अशी त्या शहराची दोन रूपे होती. छावणीच्या क्लबांमधून टेनिस, पत्ते आणि बिलियर्ड्‌स हे खेळ चालत. सामान्य माणसाला तेथे सहसा प्रवेश नसे. बिलियर्ड्‌सचे मेज किमतीने महाग, वजनाने अवजड आणि जपण्यास कठीण असते, त्यामुळे हा खेळ श्रीमंतांचा आणि साहेबांचा समजला जाई.

असे असले, तरी या खेळाच्या इतिहासात भारताचे स्थान मोठे आहे. बिलियर्ड्‌सचे भावंड असलेला स्नूकर हा खेळ भारतातच जन्मास आला. १८७५ साली मध्य प्रांतातील जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने ही नवी कल्पना काढली आणि पुढे उटीच्या क्लबात त्या खेळाचे नियम सिद्ध झाले. खेळ भारतात वाढला, परंतु तो खेळणारे बहुधा परकीय होते. या खेळात भारताचा झेंडा जगात सर्वांच्या वर नेण्याचे कार्य विल्सन जोन्स यांच्या हातून व्हावयाचे होते.

त्यांच्या पराक्रमाचे मोल कळण्यासाठी या खेळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. बिलियर्ड्‌सचे मेज सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते. त्याचा पृष्ठभाग पाटीच्या दगडाचा असून त्यावर हिरवी बनात ताणून बसवलेली असते. चारही बाजूंना रबराची कड असते, तिला कुशन म्हणतात. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन, अशी सहा छिद्रे म्हणजे पॉकेटे असतात. मेजावर तीनच चेंडू असतात. त्यांपैकी एक तांबडा असतो, तर उरलेले दोन हे दोन खेळाडूंचे आपापले चेंडू असतात. ज्या निमुळत्या काठीने खेळाडू आपल्या चेंडूला टोला देतो, तिला क्यू म्हणतात.

गुण मिळवण्याचे मार्ग तीन आहेत. आपला चेंडू इतर दोन्ही चेंडूंना लागला, तर दोन गुण मिळतात. तांबडा चेंडू पॉकेटात घातला, तर तीन आणि प्रतिस्पर्ध्याचा चेंडू घातला, तर दोन. आपला चेंडू दुसऱ्या चेंडूस लागून स्वतःच पॉकेटात गेला, तरीही असेच तीन किंवा दोन गुण पदरात पडतात. जोपर्यंत प्रत्येक टोल्याला गुण मिळत राहतो, तोपर्यंत डाव त्याच खेळाडूकडे राहतो. प्रतिस्पर्ध्याने खुर्चीवर बसून नुसते पाहत राहावयाचे. एक टोला चुकला, की खुर्चीवरचा उठतो आणि खेळणारा खुर्चीत जाऊन बसतो.

या एका नियमात खेळाचे सारे मर्म साठवलेले आहे. हातचे दोन-तीन गुण मिळवणे हे अर्धेच काम होय. ते मिळवल्यानंतर चेंडू कोठे जाऊन थांबतील, पुढचा टोला सोपा होईल की अवघड, याची तजवीज त्याच टोल्यात करावी लागते. कॅरम खेळणाऱ्या मुलांनाही हे ठाऊक असते. एक सोंगटी पॉकेटात घालताना दुसरी सोयीच्या जागी आणून ठेवणारा गडीच डाव जिंकतो. बिलियर्ड्‌समध्ये ही दृष्टी शेकडो टोले सतत ठेवावी लागते.

चेंडूला हव्या त्या जागी नेऊन थांबवण्यासाठी खेळाडूजवळ एक विलक्षण साधन असते. ते म्हणजे फिरकी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील एखाद्या खेड्यातल्या मुलाने बिलियर्ड्‌सचे मेज कधी पाहिले नसेल, परंतु फिरकी त्याच्या ओळखीची असते. अंगणात जाळीने फिरवलेला भोवरा एका जागी स्थिर उभा राहतो आणि खड्याला लागला, की अचानक भलत्याच दिशेला पळतो. बोटाने मारलेली गोटी कधी दुसऱ्या गोटीला लागून तिच्या मागोमाग धावते, तर कधी लागताक्षणीच जागच्या जागी थबकते. या गमतीच्या मुळाशी जे नियम आहेत, तेच बिलियर्ड्‌सच्या मेजावर राज्य करतात.

चेंडूच्या मध्याच्या वर टोला दिला, तर तो पुढच्या बाजूने फिरतो. दुसऱ्या चेंडूवर आदळल्यावरही ती फिरकी त्याच्या अंगात उरते आणि तो पुढे चालू लागतो. मध्याच्या खाली टोला दिला, तर चेंडू सरकत पुढे जातो, पण फिरतो मात्र उलट. समोरच्या चेंडूवर नेमका आदळून त्याने आपला वेग त्याला दिला, की ही उलटी फिरकी त्याला मागे खेचते आणि दोरी बांधल्यासारखा तो खेळाडूकडे परत येतो. चेंडूत कोणतीच फिरकी शिल्लक नसताना समोरासमोर टक्कर झाली, तर तो जागच्या जागी थांबतो. डाव्या किंवा उजव्या बाजूला टोला दिला, तर चेंडू भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती गिरक्या घेतो. मग कडेला लागून परत येताना त्याचा कोन बदलतो. फिरकी एका बाजूची असेल, तर तो अधिक पसरट कोनात वेगाने निघतो. ती दुसऱ्या बाजूची असेल, तर कोन आवळला जातो आणि वेग मंदावतो.

पूर्वी क्यूचे टोक नुसते लाकडी असे. मध्यापासून जरा बाजूला टोला दिला, की ते गुळगुळीत टोक चेंडूवरून घसरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील मिंगो नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने क्यूच्या टोकाला चामड्याची टोपी बसवण्याची युक्ती प्रचारात आणली. चामड्यावर खडू घासला, की ते चेंडूला क्षणभर घट्ट धरते. या लहानशा सुधारणेमुळे फिरकी माणसाच्या हाती आली आणि खेळाचे रूपच पालटले. पुढे १८३५ साली कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने बिलियर्ड्‌सच्या चेंडूंच्या गतीवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. क्लबातील करमणूक म्हणून खेळल्या जाणाऱ्या खेळात एवढे गणित भरलेले होते.

परंतु प्रत्येक सामर्थ्याबरोबर एक मोह येतो, तसा तो फिरकीबरोबरही येतो. चेंडूला भरपूर फिरकी देऊन तो मेजाच्या तीन कडांना लावावा, सर्पासारखा वळवावा आणि अखेर हव्या त्या जागी आणून उभा करावा, हे दृश्य मोठे मनोहर दिसते. पाहणारे टाळ्या वाजवतात. नवशिक्याला वाटते, की हीच खरी विद्या. मात्र मध्यापासून जितके दूर जावे, तितका धोका वाढतो. त्रिज्येच्या सुमारे निम्म्यापलीकडे टोला गेला, तर खडू लावलेले चामडेही घसरते. बाजूची फिरकी देताच चेंडू नेमलेल्या रेषेपासून किंचित ढळून निघतो आणि पुढे बनातीवर थोडा वळतोही. टोल्याचा जोर, मेजाचे अंतर आणि बनातीचा पोत यांप्रमाणे हा फरक बदलतो. उलटी फिरकी लांब अंतर जाईपर्यंत बनातीच्या घर्षणाने विरून जाते. म्हणजे एका टोल्यात खेळाडूला एकाऐवजी चार गणिते सोडवावी लागतात आणि त्यांतील एक चुकले, तरी सारे फुकट जाते.

समजा, तांबडा चेंडू कोपऱ्यातील पॉकेटाजवळ आहे. एक खेळाडू जोरदार फिरकी देऊन तो आत घालतो आणि आपला चेंडू सबंध मेज फिरवून पुढच्या जागी आणतो. दुसरा मध्याच्या किंचित खाली हलका टोला देतो. तांबडा चेंडू आत जातो आणि त्याचा स्वतःचा चेंडू वीतभर सरकून थांबतो. दोघांनाही तीनच गुण मिळतात आणि दोघांचाही पुढचा टोला सोपाच होतो. पहिल्याला टाळ्या मिळतात, दुसऱ्याला मिळत नाहीत. परंतु असे शंभर टोले ओळीने खेळावयाचे असतील, तर शंभराव्या टोल्यापर्यंत कोण टिकेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. मोठा खेळाडू चेंडू आपल्या आवाक्याबाहेर जाऊच देत नाही, म्हणून त्याला चमत्कारांची गरज क्वचित पडते. जेव्हा चेंडू अवघड जागी अडकतात आणि साधा मार्ग उरत नाही, तेव्हा मात्र तोच खेळाडू म्यानातील तलवार बाहेर काढतो. फिरकीवर प्रभुत्व हवेच, परंतु ती कोठे वापरू नये हे कळणे, ही त्या प्रभुत्वाची खरी खूण होय.

या कठीण खेळात विल्सन जोन्स यांनी तारुण्यातच प्रावीण्य मिळवले. १९४८ साली त्यांनी स्नूकरचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. दोन वर्षांनी, १९५० साली, बिलियर्ड्‌सचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याकडे आले. तेथून पुढे १९६६ पर्यंतच्या सतरा वर्षांत त्यांनी बिलियर्ड्‌सचे राष्ट्रीय विजेतेपद बारा वेळा जिंकले. स्नूकरमध्येही ते एकूण पाच वेळा देशाचे विजेते ठरले. एखादा सामना चमकदार खेळाने जिंकता येतो, एखादी स्पर्धा दैवाच्या साहाय्यानेही जिंकता येते. परंतु सतरा वर्षांत बारा विजेतेपदे मिळवण्यास नित्याचा सराव, शांत चित्त आणि हिशेबी दृष्टीच लागते.

शिवाय जोन्स हे हौशी खेळाडू होते. त्या काळी हौशी स्पर्धांत भाग घेणाऱ्याला खेळाचा पैसा करता येत नसे. चरितार्थासाठी कामधंदा करावयाचा आणि उरलेल्या वेळात मेजापाशी उभे राहावयाचे, असाच हौशी खेळाडूंचा क्रम असे. आजच्यासारखे मार्गदर्शक, शिबिरे किंवा चित्रफिती यांचे साहाय्य त्या पिढीला नव्हते. परदेशी खेळाडूंचा खेळ पाहावयाचा, तर त्यांच्याशी झुंजतानाच तो पाहावा लागे.

अशी झुंज देण्याची संधी जोन्स यांना १९५१ साली लंडन येथे जागतिक हौशी स्पर्धेत मिळाली. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे बॉब मार्शल विजयी झाले. जोन्स यांना यश लाभले नाही. देशात ज्याला तोड नव्हती, त्याला जगाच्या मेजावर अजून बराच पल्ला गाठावयाचा आहे, हे तेथे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी ही स्पर्धा भारतात, कलकत्ता येथे भरली. मायदेशी विजय मिळावा, अशी आशा क्रीडाप्रेमींना वाटणे साहजिक होते, पण तो मान इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफिल्ड यांना मिळाला. १९५४ साली सिडनी येथे भरलेल्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचे टॉम क्लिअरी जगज्जेते झाले. अशा रीतीने तीन स्पर्धा होऊन गेल्या आणि तिन्ही वेळा मुकुट इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाकडेच गेला.

अपयश आले, की माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे दैवाला बोल लावून बाजूला होण्याची, दुसरी म्हणजे पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करण्याची. जोन्स यांनी खेळ सोडला नाही. राष्ट्रीय स्पर्धांतील त्यांची विजेतेपदे या काळातही चालूच राहिली. बिलियर्ड्‌समध्ये शरीराच्या बळापेक्षा हाताचा सराव आणि मनाची स्थिरता यांना अधिक महत्त्व असते. क्यू मागे-पुढे नेणारा कोपर, काठीला आधार देणारा डावा पंजा, टोल्याच्या क्षणी निश्चल राहणारे मस्तक, या साऱ्यांना एकच गोष्ट हजारो वेळा तशीच करण्याची सवय लावावी लागते. ती सवय वर्षांच्या हिशेबाने अंगी बाणते आणि थोड्या आळसाने मोडते.

१९५८ साली जागतिक हौशी स्पर्धा पुन्हा कलकत्त्यात भरली. जोन्स तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. सहा वर्षांपूर्वी याच शहरात जगज्जेते ठरलेले ड्रिफिल्ड प्रतिस्पर्ध्यांत होते. अशा स्पर्धेत प्रत्येक खेळाडूला इतर प्रत्येकाशी सामना द्यावा लागे. त्यामुळे एका दिवसाच्या उत्तम खेळावर भागत नसे. आज जिंकले, तरी उद्या पुन्हा तितक्याच ताज्या मनाने उभे राहावे लागे. प्रतिस्पर्ध्याचा डाव लांबला, तर खुर्चीवर बसून तासन्‌तास स्वस्थ राहणे, हीही एक कसोटीच असे. आपल्या गर्दीपुढे खेळताना उत्साह मिळतो हे खरे, पण अपेक्षेचे ओझेही खांद्यावर असते. अशा वेळी लोकांच्या टाळ्यांसाठी एखादा चमकदार टोला खेळावा, असा मोह कोणालाही होईल.

जोन्स यांनी ती स्पर्धा जिंकली. सात वर्षांपूर्वी लंडनहून रिकाम्या हाताने परतलेला हा खेळाडू बिलियर्ड्‌सचा जागतिक हौशी विजेता झाला. कोणत्याही व्यक्तिगत खेळात जगज्जेतेपद मिळवणारे स्वतंत्र भारताचे ते पहिले नागरिक ठरले. देशाला स्वातंत्र्य मिळून अवघी अकरा वर्षे झाली होती. धरणे, कारखाने आणि शाळा यांची उभारणी चालू होती, खेळांसाठी खर्च करण्यास पैसा अपुरा होता. परदेशी माणसे जेथे यजमान होती आणि भारतीय बहुधा पाहुणा किंवा सेवक होता, त्या क्लबाच्या खोलीतून आलेल्या खेळात एका भारतीयाने साऱ्या जगावर मात केली, ही गोष्ट तेव्हा फार मोलाची होती.

या विजयाला आणखी एक बाजू होती. १९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे भारत सोडून इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत गेली. जोन्स येथेच राहिले आणि आयुष्यभर भारताचे खेळाडू म्हणूनच खेळले. देश हा एका रंगाचा, एका भाषेचा किंवा एका धर्माचा नसतो. जे त्याला आपला मानतात आणि त्याच्यासाठी श्रम करतात, त्या सर्वांचा तो असतो, हे अशा उदाहरणांनी सहज पटते.

एकदा शिखर गाठणे कठीण, पण तेथे पुन्हा पोचणे त्याहून कठीण असते. १९६० साली एडिनबरो येथील स्पर्धेत इंग्लंडचे हर्बर्ट बीथम जगज्जेते झाले. १९६२ साली पर्थ येथे बॉब मार्शल यांनी आपला जुना मान परत मिळवला. जोन्स यांचे वय आता चाळिशीच्या घरात गेले होते. त्यांचा बहराचा काळ संपला, असे कोणास वाटले असते, तर त्याला फारसा दोष देता आला नसता. परंतु १९६४ साली न्यूझीलंडमधील पुकेकोहे या गावी भरलेल्या स्पर्धेत त्यांनी दुसऱ्यांदा जगज्जेतेपद जिंकले. या वेळी मायदेशाची गर्दी पाठीशी नव्हती, ओळखीचे हवामान नव्हते. हजारो मैल दूर, परक्या मेजावर त्यांनी हा विजय मिळवला. पहिला विजय घरच्या अंगणात मिळाला होता म्हणून कोणाच्या मनात शंका उरली असेल, तर ती आता नाहीशी झाली.

शासनानेही त्यांच्या कर्तृत्वाची कदर केली. १९६३ साली त्यांना अर्जुन पुरस्कार आणि १९६५ साली पद्मश्री हा किताब देण्यात आला. बिलियर्ड्‌सचा समावेश ऑलिंपिकमध्ये नसल्यामुळे या खेळातील वीरांच्या वाट्याला मिरवणुका आणि जयघोष कमीच येतात. अशा स्थितीत हे सन्मान केवळ एका व्यक्तीचे नव्हते, तर त्या खेळाचेही होते.

१९६६ साली बिलियर्ड्‌सचे बारावे राष्ट्रीय विजेतेपद मिळवल्यानंतर जोन्स यांच्या जीवनाचे दुसरे पर्व सुरू झाले. आपल्याजवळची विद्या त्यांनी पुढच्या पिढीला देण्यास आरंभ केला. जो खेळ त्यांच्या पिढीला पराभव सोसत, चुकत-माकत शिकावा लागला होता, त्याची वाट नव्या मुलांसाठी त्यांनी सुकर केली. फिरकी कशी द्यावी, हे दाखवणे सोपे असते. ती केव्हा देऊ नये, हे शिकवण्यास मात्र अनुभवी गुरूच लागतो. त्यांनी उघडलेल्या वाटेने भारतीय खेळाडू पुढे येत राहिले. १९७७ साली मेलबर्न येथे मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी जागतिक हौशी विजेतेपद जिंकले. १९८५ साली गीत सेठी जगज्जेते झाले. त्यानंतरच्या पिढीत पंकज अडवाणी यांनी अनेक जागतिक विजेतेपदांची भर घातली. ज्या खेळात १९५८ पूर्वी भारताचे नाव विजेत्यांच्या यादीत नव्हते, त्यात भारत हे एक बलाढ्य राष्ट्र गणले जाऊ लागले. १९९६ साली जोन्स यांना द्रोणाचार्य पुरस्कार देऊन गौरवण्यात आले. खेळाडू म्हणून अर्जुन आणि गुरू म्हणून द्रोणाचार्य, असे दोन्ही सन्मान एकाच व्यक्तीच्या वाट्याला क्वचितच येतात.

५ ऑक्टोबर २००३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, मुंबई येथे विल्सन जोन्स यांचे निधन झाले. मुंबईतील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या बिलियर्ड्‌सगृहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे आजचे खेळाडू खडूने क्यूचे टोक घासतात आणि तीन चेंडूंकडे पाहून पुढच्या टोल्याचा विचार करतात.

जोन्स यांनी एका दिवसात काहीच मिळवले नाही. पहिल्या राष्ट्रीय विजेतेपदापासून पहिल्या जगज्जेतेपदापर्यंत दहा वर्षे गेली आणि मधल्या काळात पराभवही वाट्याला आले. परंतु बिलियर्ड्‌सच्या मेजावर जो नियम चालतो, तोच त्यांनी आपल्या आयुष्यालाही लावलेला दिसतो. हातचा टोला नीट खेळावा आणि तो खेळतानाच पुढच्या टोल्याची सोय करून ठेवावी. पराभव हाही त्यांच्यापुरता असाच एक टोला ठरला, कारण त्यानंतर चेंडू कोठे उभा आहे हे पाहून त्यांनी पुन्हा क्यू हाती घेतला.